मराठी शास्त्राच्या समासात काय टिकतं: बायबल जर्नलिंगच्या सुरुवातीच्या साहित्याचं परीक्षण

बायबल जर्नलिंग सुरू करायचं ठरलं की बहुतेकांची पहिली खरेदी असते ती रंगीत पेनांचा मोठा संच. आमचा सल्ला आहे की पेनाआधी कागद बघा. झेरॉक्सचा साधा कागद ७५ जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास असतो. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, कागद सहसा २८ ते ४० जीएसएमचा, म्हणजे त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही पातळ. ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय हातात मावतील अशा एका ग्रंथात बसवायचे तर दुसरा इलाज नाही. पण याच पातळपणामुळे दुकानात छान चालणारं पेन घरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या चार पानांत उतरतं. या परीक्षणातली पसंती-नापसंती सगळी या एका गोष्टीवर ठरलेली आहे.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. शांत वेळेत वचन वाचायचं, त्यातल्या एखाद्या ओवीपाशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या वाक्यापाशी, थांबायचं, आणि जे उमगलं, खटकलं किंवा मागावंसं वाटलं ते तारीख घालून तिथेच समासात किंवा शेजारच्या पानावर लिहायचं. कोणी त्यासोबत अक्षरं रंगवतं, कोणी चित्र काढतं, कोणी नुसती रेघ ओढतं. चित्रकला यायलाच हवी असं अजिबात नाही. हात चालू राहिला की डोळे ओवीवरून घसरत नाहीत, हा त्यातला खरा फायदा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात इस्राएलाच्या राजाला नियमशास्त्राची नक्कल करून घेऊन ती जन्मभर वाचायला सांगितलं आहे. स्वतःच्या हाताने वचन उतरवण्याची शिफारस करणारे लोक नेहमी याच उताऱ्याकडे बोट दाखवतात.

सुरुवात तीन तऱ्हांनी करता येते: खास जर्नलिंगसाठी छापलेलं इंग्रजी बायबल, घरातलं मराठी शास्त्र, किंवा शास्त्राशेजारी ठेवलेली वेगळी वही.

इंग्रजी जर्नलिंग बायबल

या प्रकारात सर्वांत जास्त दिसतं ते क्रॉसवे या अमेरिकन प्रकाशनाचं ईएसव्ही भाषांतराचं एकस्तंभी जर्नलिंग बायबल. मजकूर एकाच स्तंभात, बाहेरच्या बाजूला सुमारे २ इंचांचा, म्हणजे ५ सेंटिमीटरचा समास, त्यावर फिकट रेघा, आणि अक्षर साडेसात पॉइंटचं. हातात घेतल्यावर आवडावं असंच ते आहे. पान उघडं राहतं, समासाची जागा खरोखर वापरता येते, आणि एकस्तंभी मांडणीमुळे प्रत्येक ओवीशेजारी तिची टिपणं बसतात. एनआयव्ही आणि किंग जेम्स भाषांतरांतही अशा आवृत्त्या आहेत. काही आवृत्त्यांत प्रत्येक छापील पानासमोर एक कोरं पान येतं. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स १७३० पासून अशाच कोरी पानं घालून बांधलेल्या बायबलात टिपणं लिहीत होते.

मराठी वाचकाला यात दोन अडचणी येतात. पहिली अक्षराची. समासातल्या रेघा रोमन लिपीच्या बेताने जवळजवळ आखलेल्या असतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार लागतात, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं लागतात. आरामात लिहायचं तर दोन ओळींत ७ ते ८ मिलिमीटर अंतर हवं. त्या रेघांवर मराठी लिहिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि महिन्याभराने आपलंच टिपण आपल्याला वाचता येत नाही. असं बायबल घेतलंच तर एक रेघ सोडून लिहा.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. ज्या भाषेत माणूस गुडघे टेकून प्रार्थना करतो त्या भाषेतलं वचन त्याला लवकर भिडतं. ज्यांचं लहानपण ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणत गेलं, त्यांनी तेच स्तोत्र इंग्रजीतून रंगवलं तर पान देखणं होईल, पण मनन भाषांतराच्या पायरीवर अडखळेल. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेल्या, इंग्रजीतूनच प्रार्थना करणाऱ्या मराठी मुलांना हे बायबल भेट द्यायला मात्र उत्तम. इकडे आयात केलेली प्रत आपल्या मराठी शास्त्राच्या कित्येक पट महाग पडते, हेही धरून चला. नवशिक्याने पहिल्या महिन्यात हा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही.

घरातलं मराठी शास्त्र

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं शास्त्र सवलतीच्या दरात मिळतं, आणि बहुतेक ख्रिस्ती घरांत त्याची एक तरी प्रत असतेच. मांडणी दोन स्तंभांची, समास अरुंद. त्यात लांबलचक टिपण मावणार नाही, आणि मावत नसताना कोंबूही नये. एवढ्या समासात तारीख, एक-दोन शब्द, बाजूची उभी रेघ आणि एखादं छोटं चिन्ह नेटकं बसतं. लांब टिपणासाठी वहीच्या पानाचा क्रमांक तिथे लिहून ठेवायचा. उदाहरणार्थ, स्तोत्र १२१ शेजारी ‘व. ३४’ असं लिहिलं की वहीचं ३४वं पान उघडायचं हे कळतं. ही खूण-पद्धत फार साधी आहे, पण वर्षभराने तिचीच सर्वांत जास्त मदत होते.

शास्त्र निवडताना बांधणी तपासा. मधोमध उघडून दोन पानांच्या घडीत बघा. दोरा दिसला तर बांधणी शिवलेली आहे, नुसता डिंक दिसला तर चिकटवलेली. रोज उघडून सपाट दाबलं जाणारं पुस्तक चिकटवलेल्या बांधणीचं असेल तर कणा तडकतो आणि पानं सुटी होतात. त्यातून वर जादा पानं चिकटवलीत तर ते आणखी लवकर होतं. मोठ्या टायपाची आवृत्ती मिळाली तर वयस्कर माणसांनी तीच घ्यावी.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायची आहे. ज्या शास्त्राच्या पहिल्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नं नोंदलेली आहेत, त्यावर रंग आणि गेसोचे (रंगाआधी कागदावर द्यायच्या लेपाचे) प्रयोग करू नका. त्यासाठी दुसरी प्रत आणा. आणि प्रत कोणतीही असो, छापील ओव्या झाकल्या जातील असा रंग लावू नका. या बाबतीत मतं वेगवेगळी आहेत, काही जण पूर्ण पानभर रंगवतात. पण उद्या त्याच पानावर देवाने दुसरं काही दाखवायचं असेल तर ओवी वाचता यायला हवी, आणि त्यासाठी आम्ही पारदर्शक रंगाच्याच बाजूने आहोत.

जागा कमी पडते तेव्हा टिप-इन कामी येतं. हे म्हणजे कडेला पातळ पट्टीने जोडलेलं जादा पान. कागद शास्त्राच्या पानापेक्षा उंचीने १ सेंटिमीटर आणि रुंदीने दीड सेंटिमीटर कमी कापा, म्हणजे पुस्तक मिटल्यावर बाहेर डोकावणार नाही. वॉशी टेपची (सजावटीच्या कागदी चिकटपट्टीची) पट्टी निम्मी टिप-इनवर आणि निम्मी शास्त्राच्या बाहेरच्या समासावर लावा, मग ते दारासारखं उघडतं. टेप घडीच्या खाचेत लावू नका, तिथे पानावर ताण येऊन ते फाटतं. पूर्ण शास्त्रात वीस-पंचवीसपेक्षा जास्त टिप-इन घातली की पुठ्ठा वर उचलला जातो आणि कणा वाकतो. ती सगळी एकाच पुस्तकात गोळा केलीत, समजा फक्त स्तोत्रसंहितेत, तर हे त्याआधीच होईल.

फेविकॉलसारखा पातळ डिंक शास्त्राच्या पानावर नको. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि वाळताना सुरकुततो. फेविस्टिकसारखी डिंककांडी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी अरुंद टेप चालते.

वही, आणि स्वतः छापलेलं पुस्तक

आमची पहिली पसंती याला. ए-५ आकाराची, १०० जीएसएम कागदाची, शिवलेली आणि सपाट उघडणारी वही घ्या. कागद पूर्ण कोरा किंवा ८ मिलिमीटर अंतराच्या रेघांचा असावा. ठिपक्यांची वही आवडत असेल तर तिच्यात ठिपके ५ मिलिमीटरवर असतात, त्यामुळे देवनागरीसाठी दोन घरांची एक ओळ धरा. १०० जीएसएमवर पिगमेंट पेन (पाण्याने न हलणाऱ्या शाईचं) मागे उमटत नाही, रंगीत पेन्सिल छान बसते आणि जलरंगाचा अगदी हलका हातही सोसतो. ओला रंग भरपूर वापरायचा तर २०० जीएसएमच्या वर जा.

याहून चांगला एक मार्ग आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. ‘इंडियन रिवाइज्ड व्हर्जन’ हे मराठी भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुलं आहे. श्रेय दिलं आणि परवान्याच्या अटी पाळल्या की त्यातला मजकूर घेऊन स्वतःच्या मांडणीत छापता येतो. म्हणजे मराठीत रुंद समासाची आवृत्ती हाताशी नसली तरी एकेक पुस्तक आपलं आपल्याला तयार करता येतं. बाकीच्या बहुतेक भाषांतरांचे हक्क राखीव असतात, त्यांचा मजकूर असा उचलून छापू नका.

सुरुवातीला लहान पुस्तक घ्या. फिलिप्पैकरांस पत्रात ४ अध्याय आणि १०४ ओव्या आहेत, रूथमध्ये ४ अध्याय आणि ८५ ओव्या, योनात ४ अध्याय आणि ४८. संगणकावर ए-५ पान घ्या, बाहेरचा समास ५ सेंटिमीटर, आतला दीड, वरखाली प्रत्येकी दीड, अक्षर १२ पॉइंट आणि ओळींतलं अंतर दीडपट. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा ‘तिरो देवनागरी मराठी’ हा टंक यासाठी सुरेख आहे. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. या मापाने फिलिप्पैकरांस पत्र साधारण १२ ते १५ पानांत बसतं.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘बुकलेट’ हा पर्याय निवडा, म्हणजे ए-४ कागद मधोमध दुमडून पानं आपोआप क्रमाने लागतात. एकूण पानं चारच्या पटीत हवीत. १६ पानांना ए-४चे ४ कागद पुरतात. छपाई लेझर प्रिंटरवरच करून घ्या. इंकजेटची शाई बहुधा पाण्याने ओघळते, आणि ओवीवर हायलायटर फिरवला की काळा डाग पसरतो. झेरॉक्सच्या दुकानात आपला १०० जीएसएमचा कागद सोबत नेऊन दिला तर बहुतेक जण छापून देतात.

साधा स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा सुई-दोरा घ्या. घडीवर तीन भोकं पाडा: एक मधोमध, दोन वरखालच्या कडांपासून ४ सेंटिमीटरवर. मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून खालच्यातून बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत आणा. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोऱ्याची दोन टोकं राहतील याची खात्री करून गाठ मारा. टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ टाका पकडत नाही आणि पानं सैल होतात. संडे स्कूलच्या वर्गात, किंवा उपवासकाळात मंडळीच्या गटाने एकच पत्र वाचायचं ठरवलं असेल तेव्हा अशा पुस्तिका स्वस्तात होतात, आणि मुलांच्या हाती महागडं शास्त्र देण्याची धाकधूक राहत नाही.

पेनं

पहिलं पेन एकच घ्या: पिगमेंट शाईचं काळं फाइनलायनर. साकुराचं पिग्मा मायक्रॉन आणि युनि पिन, दोन्ही आपल्याकडे कला-साहित्याच्या दुकानांत मिळतात आणि दोन्हींची शाई पाण्याने हलत नाही. मायक्रॉनच्या आकड्यांनी गोंधळायला होतं. ००५ म्हणजे ०.२० मिलिमीटर, ०१ म्हणजे ०.२५ आणि ०५ म्हणजे ०.४५. शास्त्राच्या समासात मराठीसाठी ०१ घ्या. ०५ने लिहिलं तर घ आणि ध, म आणि भ यांच्या गाठी भरून जातात. ००५ दिसायला नाजूक आणि छान, पण त्याचं टोक तितकंच नाजूक. जोर देऊन लिहिणाऱ्याच्या हातात ते काही आठवड्यांत आत दबतं. वहीत मोठ्या अक्षरांसाठी ०५ ठेवा.

नवशिक्यांना न सांगता कळत नाही अशी गोष्ट म्हणजे क्रम. आधी लिहा, पाचेक मिनिटं वाळू द्या, मग रंग. उलट केलंत तर पेन्सिलीचं मेण किंवा गेसोची खर टोकात अडकते आणि नवं पेन तुटक लिहायला लागतं. ‘पेन खराब निघालं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच आलेली असते.

बॉलपेन वाईट नाही. त्याची शाई घट्ट असते, त्यामुळे ती लगेच मागे उमटत नाही. त्रास दाबाचा आहे. पातळ पानावर ओळ कोरली जाते आणि मागच्या पानावर उंचवटे येतात. पानाखाली जाड कार्ड ठेवलं तर भागतं. जेल पेन टाळा. शाई उशिरा वाळते आणि पान उलटताच समोरच्या ओवीवर छाप पडते. शाईपेन तर शास्त्रात नकोच, शाई फुटते. अल्कोहोल मार्करबद्दल दुमत नाही: शास्त्राच्या कागदात तो एका फटक्यात दोन-तीन पानं खाली उतरतो.

कोणतंही पेन वापरण्याआधी शास्त्राच्या शेवटी असलेल्या कोऱ्या पानावर, नसेल तर नकाशांच्या आसपासच्या जागेत, चाचणी घ्या. एक शब्द, एक जाड रेघ आणि एक भरलेला चौकोन काढा. दहा मिनिटांनी पान उजेडात न धरता, सपाट ठेवून मागून बघा. रेघ धूसर दिसली तर ती सावली आहे, ती चालते, कारण छापील मजकूरही तसाच मागून दिसतो. शाईचा ठिपका मागे आला असेल तर ते पेन वहीसाठी.

रंग

पातळ, ओलसर फ्लोरोसंट हायलायटर शास्त्रासाठी सर्वांत निरुपयोगी. मागे उतरतो, आणि काही वर्षांत त्याचा रंग विटतो. त्याऐवजी कोरडा हायलायटर बघा. अमेरिकेत खास बायबलसाठी विकला जाणारा जेल हायलायटर मेणकांडीसारखा असतो आणि अजिबात झिरपत नाही. आपल्याकडे फेबर-कास्टेलची टेक्स्टलायनर ड्राय ही जाड पेन्सिल तेच काम करते आणि टोक काढून वापरता येते. मेणकांडीत दोन दोष आहेत: मे महिन्याच्या उन्हात ती मऊ पडते, आणि रेघेच्या शेवटी बारीक गोळे सोडते. गोळे बोटाने पुसू नका, कागदाच्या कपट्याने उचला.

त्याहून सोपं म्हणजे साध्या रंगीत पेन्सिली. शाळेच्या संचातल्या पेन्सिली थोड्या कडक असतात, जोर द्यावा लागतो आणि पानावर वळ उठतात. म्हणून पेन्सिल आडवी धरा, पानाखाली कार्ड ठेवा आणि दोन-तीन हलके थर द्या. खूप मऊ, मेणाळ पेन्सिली सुंदर रंग देतात पण समोरच्या पानावर थोड्या उठतात. ऑइल पेस्टल शास्त्रात वापरू नका, त्यातलं तेल पानात मुरतं.

जलरंगासाठी वही. कॅमलचे साधे केक पुरे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेला हा कारखाना, आणि आपल्या कित्येक पिढ्या याच रंगांवर चित्र काढायला शिकल्या आहेत. ब्रश ओला करून फडक्यावर टिपा, मग रंग घ्या. कागदावर पाण्याचं तळं दिसलं की पान वाकणार हे ठरलेलं.

ओव्यांना रंगांचा अर्थ द्यायचा तर चारच रंग ठेवा: वचनदत्त आशीर्वाद, आज्ञा, प्रार्थना आणि देवाचा स्वभाव. बारा रंगांची यादी करणारे दुसऱ्या आठवड्यात यादीतच बघत बसतात, ओवी बाजूला राहते. चारांचा अर्थ शास्त्राच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

चित्र येत नाही म्हणून थांबू नका. शास्त्राचं पान अर्धपारदर्शक असतं. समासाच्या आकाराचं रेखाचित्र पानाखाली सरकवलं की वरून दिसतं, मग एचबी पेन्सिलीने हलकं गिरवा. २एच नको, ती ओरखडे काढते. खोडताना पान दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत ताणून धरा आणि खोडरबर एकाच दिशेने, घडीकडून कडेकडे फिरवा. पुढेमागे घासलं की पान चुरगळून फाटतं.

गेसो: हवा का?

पानावर ओला रंग लावायचाच असेल तर आधी गेसोचा थर देतात. त्याने कागदाची छिद्रं बुजतात आणि रंग मागे जात नाही. पारदर्शक गेसोच घ्या, पांढऱ्याने ओव्या झाकल्या जातात. दुकानात नुसतं ‘गेसो’ मागितलंत तर बहुधा पांढरा हातात पडतो, बाटलीवर नीट वाचा.

पानाखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवा. वाटाण्याएवढा गेसो समासावर घ्या आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने घडीकडून बाहेर ओढत पसरा. ब्रशने थर जाड बसतो आणि पान सुरकुततं. पंधरा मिनिटं उघडं वाळू द्या, मग वर-खाली बटर पेपर घालून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. पानाच्या एकाच बाजूला लावा. दोन्ही बाजूंना लावलेलं पान पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि घडीशी तुटतं.

आमचं मत: पहिले सहा महिने गेसोला हात लावू नका. कोकणात, वसईत, मुंबईत आणि गोव्यात तर मुळीच घाई नको. पावसाळ्याच्या दमट हवेत गेसो आणि ॲक्रिलिकची समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात, आणि सोडवताना छापील अक्षरं निघून येतात. अशी पानं आधीच केलेली असतील तर जूनआधी प्रत्येकामध्ये बटर पेपर घाला.

बसायचं कसं

साहित्य तयार झालं की खरं काम सुरू होतं, आणि त्याला अर्धा तास पुरतो. पहिली दहा मिनिटं पेन बंद. उतारा तीनदा वाचा, त्यातला एकदा मोठ्याने. उतारा लहान ठेवा: फिलिप्पैकरांस पत्र रोज ४ ओव्या घेतलं तर २६ दिवसांत पूर्ण होतं. मग जिथे थांबावंसं वाटलं ती ओवी वहीत हाताने उतरवा. त्याखाली तीन छोटे भाग: इथे काय सांगितलं आहे, ते मला आज कुठे लागू पडतं, आणि त्यावरून देवाशी बोलणं. वचन, निरीक्षण, लागूकरण, प्रार्थना ही चार पायऱ्यांची पद्धत इंग्रजीत ‘सोप’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. कॅथलिक वाचकांना लेक्सिओ दिविना ही वचन वाचून मनन करण्याची जुनी पद्धत जवळची वाटेल. बाराव्या शतकात गिगो या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या पायऱ्या मांडल्या, त्या वहीच्या एका पानाच्या चार पट्ट्यांत सहज बसतात.

निरीक्षणात अडलं तर दुसरं मराठी भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं भाषांतर, केडगावच्या मुक्ती मिशनमधलं, अशा वेळी मिळालं तर जरूर उघडा. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द दिसला की मनन तिथून पुढे सरकतं. मोबाइलवर यूव्हर्जन या बायबलच्या ॲपमध्ये मराठी भाषांतरं आहेत, पण तुलना झाली की फोन पालथा ठेवा.

रंग सर्वांत शेवटी, उरलेल्या वेळात. आधी चित्र ठरवून मग त्याला साजेशी ओवी शोधायला लागलात तर दर आठवड्याला त्याच पाच-सहा लाडक्या ओव्या येतील आणि विलापगीतासारखं पुस्तक कधीच उघडलं जाणार नाही. एखाद्या दिवशी पानावर फक्त तारीख आणि ‘आज काही सुचलं नाही, प्रभू’ एवढंच आलं तरी ते पान फाडू नका.

खर्च आणि बिघडलेली पानं

पहिल्या खरेदीत एवढंच पुरे: वही किंवा स्वतः शिवलेली पुस्तिका, ०१ आणि ०५ अशी दोन पेनं, चार रंगीत पेन्सिली, एक कोरडा हायलायटर, डिंककांडी, जाड कार्ड. शास्त्र घरात आहेच. पेनं शंभर-दीडशे रुपयांच्या घरात असतात, त्यामुळे सगळं मिळून हजाराच्या आत बसायला हरकत नाही. स्टिकर, शिक्के आणि छापील पट्ट्यांचे संच नंतर बघा. जाड स्टिकर पातळ पानावर कडक ठिगळासारखे बसतात, आणि शिक्क्याची साधी डाय शाई मागे उतरते.

शाई मागे उतरलीच तर पांढरा करेक्शन फ्लुइड लावू नका, पान गळतं आणि ओवी जाते. डाग समासात असेल तर त्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवा आणि त्या बाजूचं टिपण पट्टीवर लिहा. डाग ओवीवर असेल तर तसाच राहू द्या आणि ती ओवी स्वच्छ अक्षरात वहीत उतरवून समासात वहीचं पान नोंदवा. फाटलेल्या पानाला साधी पारदर्शक चिकटपट्टी नको, ती पिवळी पडते. दुकानात कागद-दुरुस्तीची आम्लरहित टेप मागा, फाटलेल्या कडा जुळवा, मागच्या बाजूने लावा, आणि रात्रभर बटर पेपरमध्ये घालून दाबून ठेवा.